काळ्या जिभेच्या जब्बारचा पिक्चर

आमच्या गावात आजवर एकाच माणसावर पिक्चर निघाला. तो राजा नव्हता, संत नव्हता, पैलवानही नव्हता. तो गाद्या भरायचा. आणि त्या पिक्चरची कथा ज्यानं लिहिली, तो पिठाची गिरणी चालवतो. म्हणजे मी, भागवत. यावरून पिक्चरची आणि गावाची, दोन्हींची पत तुमच्या ध्यानात येईल.

गाव आमचं बुलडाण्याकडच्या धाडच्या पलीकडं, जीपनं जायचं. जीप भरली की निघते, आणि ती भरली हे ड्रायव्हरला कधी पटत नाही. गावाच्या खालच्या अंगाला पिंजाऱ्यांचं एक घर आहे. जब्बारचा आजा पिंजारी, बाप पिंजारी. मी लहान होतो तेव्हा थंडी आली हे आम्हाला वाऱ्यावरून कळायचं नाही. जब्बारच्या बापाच्या रुई पिंजायच्या धनुकलीची तात कुणाच्या तरी अंगणात तुंय् तुंय् करू लागली, की आया पेटीतली गोधडी काढायच्या. अंगणभर रुई उडायची. म्हातारा त्या पांढऱ्या धुक्यात बसलेला, मिशा पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, आणि शेजारी जब्बार, तोही पांढरा. फक्त त्याचं तोंड तेवढं सतत उघडं, म्हणून लाल दिसायचं.

पिंजाऱ्याला घराचं सगळं कळतं. जुन्या गादीचा टाका उसवला की आतून काय काय निघतं. डोरल्याचा मणी निघतो, सासूपासून लपवलेली नोट निघते, एकदा तर एका घरी नवऱ्याची बत्तिशी निघाली. म्हाताऱ्याचा धंद्याचा एक नेम होता. गादीत जे दिसलं ते मुकाट्यानं घरच्या बाईच्या हातात द्यायचं आणि गल्लीत त्याचा शब्द काढायचा नाही. जब्बारनं तो नेम जन्मभर पाळला. पुढं रेडिओवर त्यानं जो घोळ घातला, त्याबद्दल कोणी बापाचं नाव काढलं की तो म्हणायचा, "अब्बानं गादीतलं सांगू नको म्हतलं होतं. वावरातलं नोको सांगू असं कुठी म्हतलं होतं?"

पुढं धाडला रुई पिंजायचं मशीन आलं आणि धनुकली भिंतीला लागली. जब्बार गाद्या शिवायला घरोघर जातच राहिला, पण जो माणूस तातीच्या आवाजावर आवाज चढवत मोठा झाला, त्याला सुईदोऱ्याच्या शांततेत करमेना. मग तो बाजाराच्या दिवशी धाडला उभा राहून दुसऱ्यांचा माल ओरडून विकू लागला. कांदे, चपला, म्हशीची दावण, काही वर्ज्य नाही. तिथंच त्याला अन्नपूर्णाबाईंनी ऐकलं.

अन्नपूर्णाबाई म्हणजे चिखलीच्या वाटेवर एका संस्थेनं काढलेल्या लहानशा रेडिओच्या कर्त्याधर्त्या. पंधरा-वीस गावांत ऐकू जाणारा रेडिओ. खोली एक, काच एक, आणि शिस्त मात्र आकाशवाणीला लाजवणारी. पहिल्या दिवशी जब्बार माइकसमोर बसला आणि बाजारात ओरडतो तसा ओरडला. मशीनचा काटा जो वर गेला तो उतरेना. बाई म्हणाल्या, "जब्बारभाई, माइक बहिरा नाही." तेव्हापासून तो माइककडं पाठ करून बोलायचा. तरी आवाज पोचायचा.

रोज सकाळी तो सुरू व्हायचा, "नमस्कार मंडळी. मी जब्बार पिंजारी. तुमच्या उशा मीच भरल्या, आता तुमाले झोपू देनार नाई."

गाव वेडं झालं होतं. म्हशी त्याच्या आवाजावर पान्हवायच्या, असं मी एका कथेत लिहिलंही होतं. ती कथा कोणी छापली नाही, पण म्हशींचं खरं आहे.

आता कपाशीचं सांगतो, कारण पुढचा सगळा तमाशा तिथूनच उगवला.

बीटी बियाणं आलं तेव्हा आम्ही हवेत होतो. पऱ्हाटी कंबरेला लागायची, फवारणीचे पंप खुंटीवर गंजत होते. त्या बीटीच्या पिशवीत एक लहान पाकीट निघायचं. त्यात साध्या कपाशीचं बी. ते वावराच्या कडेनं लावायचं. अळीला ते खाऊ द्यायचं, म्हणजे तिला आतल्या पिकाची सवय लागत नाही आणि बियाण्याचा जोर टिकतो. हे आम्हाला प्रत्येक पेरणीला सांगितलं जायचं आणि आम्ही प्रत्येक पेरणीला मान हलवायचो. जिथं कडेचे चार तास, म्हणजे चार ओळी, साध्या बियाण्याच्या लावायच्या, तिथंही बीटीच लावू, चार बोंडं जास्त येतील, एवढंच आमचं गणित. मग त्या पाकिटाचं काय करायचं? आमच्या गल्लीतल्या वच्छलाबाई ते उकिरड्यावर फेकायच्या. इंद्रभान त्यातलं बी नांग्या भरायला वापरायचा, म्हणजे जिथं बीटी उगवलं नाही त्या खड्ड्यात टोचायचा. गावातले मोठे शेतकरी वामनराव, त्यांची बाज डुगडुगायची, तिच्या पायाखाली पाकीट बरोबर बसायचं. आणि मी ते गिरणीतल्या उंदराच्या बिळात खुपसलं. उंदरानं ते दुसऱ्या दिवशी बाहेर ढकलून दिलं.

जब्बारनं एका सकाळी हे सगळं रेडिओवर सांगितलं. नावानिशी सांगितलं.

"मंडळी," तो म्हणाला, "जेवाले बसता तव्हा गाईचा घास काढता. कुत्र्याची भाकर काढता. कावळ्याले बी वाढता. मंग आळीचा घास काऊन काढत नाई? तिचं पाकीट वामनरावजींच्या बाजेखाली झोपून राह्यलं. एक दिवस ते आळी उठन आन् आपल्याच ताटात येऊन बसन. लिहून ठेवा."

सगळ्यात आधी त्यानं स्वतःचं नाव घेतलं होतं. त्याचंही दीड एकर होतं आणि त्याची बायको नूरजहां, आमची भाभी, त्या पाकिटानं दार अडवायची. पण ते कोणाला ऐकू आलं नाही. माणूस रेडिओवर फक्त स्वतःचं नाव ऐकतो.

वामनराव चिडले ते पाकिटावरून नाही. गाईच्या घासाशेजारी अळीचा घास बसवला म्हणून चिडले. बाज डुगडुगते हे गावाला कळलं, हे त्यांनी सांगितलं नाही. पण ते त्या दिवसापासून ओट्यावरच्या बाजेवर बसेनात, खुर्ची मागवली.

आणि त्याच वर्षी अळी आली.

दुसऱ्या वेच्याला बोंडं वरून ठणठणीत, फोडावं तर आत गुलाबी पाहुणी बसलेली. कापूस निघाला तो कवडीचा, पिवळा, बोटाला चिकटणारा. वेचणाऱ्या बाया ओटीत घेईनात. गावावर जी कळा आली ती मी लिहीत नाही. ती वर्तमानपत्रानं लिहिली, माझ्यापेक्षा बरी. मला फक्त एवढंच सांगायचं आहे की एवढं मोठं संकट आलं की माणसाला कोणाचं तरी तोंड लागतं बोट दाखवायला. आणि आमच्याकडं एक तोंड कायम उघडं होतं.

"काळ्या जिभेचा हाये थो," वच्छलाबाई पाणवठ्यावर बोलल्या. "म्हने आळी ताटात बसन. बसली ना?"

झालं. मग जुन्या गोष्टी निघाल्या. जब्बार म्हणाला होता जीप पंक्चर होईल, झाली. म्हणाला होता मोतीरामचं लग्न जमणार नाही, नाही जमलं. (मोतीरामला पाहिलेल्या कोणत्याही माणसाला एवढं भाकीत करता आलं असतं.) वामनरावांनी जीप भरली, चिखलीच्या वाटेवरच्या त्या खोलीत गेले, आणि माणूस बंद करा नाहीतर आमची गावं रेडिओ बंद करतील असं सांगून आले. जब्बारच्या जागी सकाळी बाजारभाव लागू लागले. कापसाचे. ते ऐकून कोणाची म्हैस पान्हवणार?

गाद्या मात्र भरायच्या होत्या. लग्नसराई थांबत नाही, आणि नवरीच्या घरी गाद्या अंगणातच शिवून घ्यायची आमच्याकडं रीत आहे. जब्बारला बोलावणं यायचं, पण दारातच घरची बाई हातावर अख्खी सुपारी ठेवायची. "भाऊ, हे दाढेखाली धरा. हात चालू द्या, तोंड नोको." शुभकार्याच्या घरी काळी जीभ हलायला नको. जब्बार दिवसभर सुपारी धरून टाके घालायचा. मी एकदा पाहिलं. शेजारी पोरी गाणी म्हणत हळद कांडत होत्या, एकीनं शब्द चुकवला, आणि जब्बारला तो शब्द येत होता. त्याचा गाल नुसता थरथरला. सुई मात्र त्यानं अशी ओढली की दोरा तुटला.

गाद्यांचं पोट भरत होतं. त्याचं नाही. संध्याकाळी गिरणीत येऊन पट्टा सुरू करायला सांगायचा आणि त्या घरघरीत उभा राहून जुना कार्यक्रम अख्खा बोलून घ्यायचा. दाणे नसताना गिरणी चालवू नये, दगडाची पाळी खराब होते. मी चालवायचो.

त्याची पोरगी झेबा बुलडाण्याला कॉलेजात शिकत होती. तिथं तिला काम मिळालं, आपल्या ओळखीच्या एखाद्या माणसावर लहानसा पिक्चर काढून आणा. ती मोबाइल आणि एक तीन पायांची काठी घेऊन गावात आली आणि म्हणाली, "अब्बा, तुमच्यावरच काढते."

जब्बार सात वर्षांनी तरुण झाला. केसांना मेंदी लावली. "भागवत, तू लिह्य," मला म्हणाला. "सुरवातीले मी टेकडावर उभा. वारा. खांद्यावर शाल. खाली आख्खं वऱ्हाड."

"टेकडावरून उकिरडा दिसतो," मी म्हणालो.

"तो नोको घेऊ."

झेबानं ऐकून घेतलं. घरात त्यांची बोली वेगळी, पण मी बसलो की बापलेक मराठीत भांडत, मला न्याय करता यावा म्हणून. ती म्हणाली, "अब्बा, हसायचा पिक्चर काढायचा आहे."

"माह्यावर? हसाचा?"

"लोक तुम्हाला भ्यायले. ज्याला माणूस हसतो त्याला भीत नाही. एकदा का हे हसले, की सुपारी सुटली."

"मी का जोकर हावो?"

भाभी चुलीपाशी होत्या. "रेडिओवर काय होते मंग? तहसीलदार?"

मी झेबाच्या बाजूनं न्याय दिला. जब्बार रुसला, भाकरी न खाता निघाला, आणि दारातल्या पाकिटाला ठेचकाळला. ते अजून तिथंच होतं. झेबानं तेवढ्यात मोबाइल उचलला होता. तो पहिला सीन. आम्हाला लिहावा लागला नाही.

एकदा पडल्यावर मात्र जब्बारला चव लागली. मी लिहायचो त्यापेक्षा तो स्वतःला जास्त बावळट करायचा. माइककडं पाठ करून ओरडणं त्यानं म्हशीकडं पाठ करून केलं. स्वतःच्या जन्माचा सीन त्यानंच केला, रुईच्या ढिगातून मेंदी लावलेलं डोकं बाहेर काढून. मी कागदावर लिहिलेले दोन पानांचे संवाद, ज्यांत मी माती, आभाळ आणि माय हे शब्द पुरेपूर वापरले होते, ते झेबानं वाचले आणि म्हणाली, "काका, छान आहेत. ठेवून द्या."

मग आला पाकिटांचा सीन. गाव तर आमच्याशी बोलत नव्हतं, म्हणून गावातले सगळे लोक मीच व्हायचं ठरलं. पदर घेतला की वच्छलाबाई, पागोटं बांधलं की वामनराव. वच्छलाबाईंच्याच उकिरड्यापाशी मी लुगड्यात उभा राहिलो आणि पाकीट फेकलं. पुन्हा फेकलं. झेबा म्हणे पटत नाही. ओट्यावरून एवढा वेळ तोंडाला पदर लावून पाहणाऱ्या खऱ्या वच्छलाबाईंना ते सहन होईना.

"असं नाई फेकलं म्या!" त्या खाली उतरल्या. "हे काय, मुडदा फेकल्यावानी? आन् लुगडं कोनं नेसवलं याले? सर बाजूले."

त्यांनी पाकीट हिसकलं, मागं न पाहता खांद्यावरून भिरकावलं, हात झटकले आणि चालू लागल्या. काय ती लकब! झेबा म्हणाली, "मावशी, एकदा इकडून." त्यांनी इकडूनही फेकलं. मग त्यांना जब्बार समोर दिसला आणि एकदम आठवलं की आपण त्याच्याशी बोलत नाही. पण तोवर सीन झाला होता.

ही बातमी गल्लीत पोचायला बाज विणायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. इंद्रभान आला. "मावशी पिक्चरमंधी, आन् मी? माह्या वावरात चला. म्या नांग्या कशा भरल्या ते दाखवतो. बसून भरल्या, उभ्यानं नाई." मोतीराम आला, त्यानं म्हणे पाकीट विहिरीत टाकलं होतं, आणि भांग पाडूनच आला होता, न जाणो पिक्चर कुठवर पोचेल. बनाबाई आल्या, जनकाबाई आल्या. कोणाला पाकीट चुलीत टाकायचं होतं, कोणाला बांधापलीकडच्या भावकीच्या वावरात. जब्बार काठी धरून उभा, तोंडातून शब्द काढत नव्हता, न जाणो हे लोक भानावर येतील.

शेवटी वरच्या आळीतून दोन सालगडी बाज घेऊन आले. मागून वामनराव, धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा.

"हे पोट्टं माहं काम करून राह्यलं म्हने," माझ्याकडं बोट करून ते झेबाला म्हणाले. मी पन्नाशीचा आहे. "माहं पागोटं असं असते का?"

बाज ठेवली. ती खरंच डुगडुगली. वामनराव वाकले, पाकीट पायाखाली सारलं, बाजेवर बसून एकदा इकडं, एकदा तिकडं झुकून पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली. साक्षात नट.

संध्याकाळी झेबानं शाळेच्या भिंतीवर ते सगळं लावून दाखवलं, सलग, जसं काढलं तसं. पहिलं पाकीट उकिरड्यावर गेलं आणि शाळेचं अंगण हसून लोळलं. दुसरं नांगीत, तिसरं विहिरीत. हसू चढत गेलं. मग चुलीत, मग बांधापलीकडं, मग अजून एक, अजून एक. कुठंतरी मधेच हसू पातळ झालं. भिंतीवर सगळं गाव ओळीनं पाकिटं फेकत होतं, आणि भिंतीसमोर तेच गाव बसलं होतं. बाजेचा सीन आला तेव्हा एकटा मोतीराम हसला, आणि त्यानं आजूबाजूला पाहून हसू गिळलं.

अंधारात वच्छलाबाई उठल्या. "जब्बार, इकडे ये. जीभ दाखव."

जब्बारनं उजेडात येऊन आ केला. वच्छलाबाई चांगल्या वाकून पाहत्या झाल्या.

"लाल हाये बाप्पा," त्या म्हणाल्या. "सुपारीनं साल निघालं इचं." आणि खाली बसल्या. कोणी माफी मागितली असं मला लिहिता आलं असतं, पण आमच्या गावात ती रीत नाही.

वामनराव मात्र झेबापाशी आले. "पोरी, मी लवकरच संपलो. बाजेवर अजून थोडं बसवता येत नाई का?"

"बसवते, काका. पण पाहायला फक्त आपलंच गाव आहे."

"काऊन? आजूबाजूची गावं मेली का? पुरा पिक्चर झाला की सगळ्याइले बोलाव."

"बोलवायचं कसं? रेडिओवर सांगावं लागेल."

"सांग ना मंग."

"कोण सांगणार? सकाळी बाजारभाव लागतात. बाजारभाव सांगणाऱ्याच्या बोलावण्यावर कोण येईल?"

वामनरावांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं. मग सालगड्याला म्हणाले, "जीप काढ सकाळी."

अन्नपूर्णाबाईंनी त्यांना पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. बोलू देईन, पण कोणाचंही नाव घ्यायचं नाही. गेल्या खेपेला नावांवरूनच जीप भरून आली होती. जब्बारनं दोन्ही कान धरले.

पिक्चरच्या दिवशी सकाळी तो माइकपाशी बसला. पाठ करून नाही, समोर बसला. काचेबाहेर मी आणि वामनराव, भिंतीवरच्या स्पीकरला कान लावून. लाल दिवा लागला. जब्बारचे ओठ हलले, आवाज येईना. एवढे दिवस गिरणीत माझे कान फोडणारा माणूस! अन्नपूर्णाबाईंनी घड्याळाकडं पाहिलं. मी काचेवर कपाळ टेकलं.

"नमस्कार," तो शेवटी म्हणाला, बारीक. "मी... मी कोन ते सांगाची बंदी हाये."

कुठंतरी म्हशीखाली बसलेला माणूस नक्की हसला असेल, कारण ते ऐकू आल्यासारखा जब्बार खुलला.

"आज सांजेले आमच्या शाळेच्या भिंतीवर पिक्चर लागून राह्यला. त्यात एक पिंजारी हाये, तो स्वतःले लय शहाना समजते. एक बाई हाये, ते पाकीट अशी फेकते, अशी फेकते, का पाहतच राहावं. आन् एक मोठे शेतकरी हायेत. त्यायच्यापेक्षा त्यायच्या बाजेचं काम चांगलं झालं हाये. नावं मात्र मले घेता येत नाई."

वामनरावांनी काचेवर बोटानं टकटक केलं. अन्नपूर्णाबाईंनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं.

तेवढ्यात फोन वाजला. इंद्रभान. "अबे, नांग्यावाला राह्यला!" तो ठेवतो न ठेवतो तोच दुसरा, मोतीरामचा, त्याला विहिरीबद्दल काही सांगायचं होतं. तिसरा फोन जब्बारनं उचलला आणि खोलीत एकच आवाज भरला.

"मी वच्छला बोलून राह्यली. बाई, बाई काय लावलं? ते बाई म्हंजे कोन ते लोकायले कसं समजन? नाव घे माहं."

"वहिनी, बंदी हाये."

"कोनाची?"

जब्बारनं अन्नपूर्णाबाईंकडं पाहिलं. अन्नपूर्णाबाईंनी वामनरावांकडं पाहिलं. वामनरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी आयुष्यभर माणसांच्या तोंडी वाक्यं घातली, पण हे वाक्य त्यांचंच होतं, म्हणून मी काचेकडं बोट केलं.

"घे," वामनराव काचेतून म्हणाले. आवाज आत गेला नाही, पण ओठ सगळ्यांना वाचता आले. मग त्यांनी एक बोट वर केलं आणि आणखी म्हणाले, तेही वाचता आलं. "पयलं माहं."

जब्बारनं घसा खाकरला आणि वच्छलाबाईंपासून सुरुवात केली.